बाटलीवर ‘हेंप’ लिहिलंय, पण आत काय आहे?



आज मी एका तेलाबद्दल बोलणार आहे. हे तेल आपल्या स्वयंपाकघरातलं नाही, तरी आपल्या गावात येऊन पोचलंय. झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक गृहस्थ आले. हातात छोट्या काळ्या बाटल्या, बाटलीवर हिरवं पान. म्हणाले, “हे सीबीडीचं तेल. परदेशात याला सोन्याचा भाव आहे. तुमच्या गटांनी अनामत भरा, बियाणं आम्ही देतो, पीकही आम्हीच विकत घेतो.” कुणीतरी विचारलं, हे झाड कसलं? तर म्हणाले, “हेंप. म्हणजे आपला तागच की!”

ताग म्हटल्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. हिरवळीच्या खताला आपण ताग पेरतोच. दोन गट तर तिथल्या तिथे अनामतीचा ठराव लिहायला बसले. आणि आमच्या एका काकूंनी पिशवीतून तशीच बाटली काढली. गुडघ्यांसाठी मुलाने मोबाइलवरून मागवलेली, चौदाशे रुपयांची. “महिना झाला घेतेय गं, फरक काही दिसेना,” म्हणाल्या.

मी म्हटलं, आठ दिवस थांबा, ठराव नंतर लिहू. त्या आठ दिवसांत वाचलं, कृषी सहायकांना विचारलं, एका वैद्यांना विचारलं. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

आधी नावाचा घोळ सोडवू. इंग्रजीत ‘हेंप’ हा शब्द बऱ्याच वाखाच्या झाडांना लावतात. ताग म्हणजे ‘सन हेंप’. आपली अंबाडी, जिची भाजी आपण भाकरीबरोबर खातो, तिच्या वाखाच्या जातीला ‘डेक्कन हेंप’ म्हणतात. या दोन्हींचा सीबीडीशी काडीचाही संबंध नाही. सीबीडी ज्या हेंपमधून काढतात तो म्हणजे भांगेचं झाड. ज्या जातीच्या झाडापासून गांजा होतो, त्याच जातीचं. फरक एवढाच, की हेंपचे वाण नशा आणणारं द्रव्य अगदी कमी राहील असे निवडून घेतलेले असतात. त्या नशेच्या द्रव्याला टीएचसी म्हणतात. अमेरिकेत २०१८च्या शेती कायद्याने वाळलेल्या मालात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असेल तरच त्याला हेंप म्हणायचं असं ठरवलं. आपल्या देशात उत्तराखंडाने २०१८ मध्ये सर्वांत आधी अशा शेतीला परवाना द्यायला सुरुवात केली, तिथेही मर्यादा ०.३ टक्केच आहे.

सीबीडी हे त्याच झाडातलं दुसरं द्रव्य. त्याने टीएचसीसारखी नशा येत नाही. १९४० साली ते झाडातून वेगळं काढलं गेलं आणि १९६३ मध्ये इस्रायलच्या राफेल मेशुलाम यांनी त्याची रचना उलगडली.

आता महत्त्वाची गोष्ट. या एका झाडापासून दोन अगदी वेगळी तेलं निघतात, आणि सगळी फसगत इथेच होते.

पहिलं तेल बियांचं. जवस, करडई घाण्यात घालून पिळतो तसंच. हिरवट रंग, अक्रोडासारखा वास. खायला चांगलं आहे, त्यात ओमेगा तीन आणि ओमेगा सहा ही स्निग्धाम्लं असतात. उत्तराखंडात कुमाऊंकडच्या बायका भांगेच्या बिया भाजून पिढ्यान् पिढ्या चटणी करतात. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये या बिया, बियांचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. पण बीमध्ये सीबीडी जवळजवळ नसतंच. बियांना फुलाचा चीक लागलेला असतो, तेवढाच त्याचा अंश.

दुसरं तेल फुलांचं, खरं म्हणजे फुलांवरच्या चिकाचं. मादी झाडाच्या फुलांवर आणि फुलाजवळच्या लहान पानांवर बारीक, काचेच्या मण्यासारखे राळेचे दाणे असतात. तुळशीचं पान चुरगळलं की हाताला जसा वास आणि चिकटा लागतो, तसंच समजा. सीबीडी त्या दाण्यांत असतं. खोडात नाही, मुळात नाही, बीमध्ये नाही.

काकूंची बाटली मी उन्हात धरून बारीक अक्षरं वाचली. पुढे मोठ्या अक्षरात ‘हेंप ऑइल १००० मिग्रॅ’. मागे घटकांत एकच नाव, ‘कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल’. सीड म्हणजे बी. म्हणजे काकू महिनाभर बियांचं तेल थेंबाथेंबाने औषध म्हणून घेत होत्या. आणि ते हजार मिलिग्रॅम कशाचे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता खरं सीबीडीचं तेल कसं काढतात ते बघू. ते कळलं की चांगलं-वाईट ओळखायचंही कळतं.

सुरुवात शेतात होते. चिकासाठी हेंप लावणारे शेतकरी फक्त मादी झाडं ठेवतात. नर झाडाचा पराग मादीला लागला, की झाड बी धरायच्या मागे लागतं आणि चीक कमी होतो. मग कापणीची वेळ. राळेचे दाणे आधी काचेसारखे पारदर्शक असतात, मग दुधाळ होतात. दुधाळ झाले की कापणी करतात. उशीर केला तर सीबीडी वाढतं खरं, पण त्याच्याबरोबर टीएचसीही वाढतं आणि ०.३ टक्क्यांची रेघ ओलांडली जाते. अमेरिकेत असं पीक नष्ट करावं लागू शकतं, वर्षाची मेहनत जाऊ शकते.

मग वाळवण. आपण कसुरी मेथी कशी वाळवतो? सावलीत, वारा लागेल अशी. इथेही तेच. कडक उन्हात सुगंध उडतो आणि सीबीडीही खराब होतं. ओलं राहिलं तर बुरशी धरते, आणि बुरशीचं विष पुढे तेलातही उतरू शकतं. ओल साधारण दहा टक्क्यांवर आली, की फुलं जाडसर भरडतात.

आता एक गंमत ऐका. ताज्या फुलात सीबीडी तयार स्वरूपात फारसं नसतंच. त्याचं आम्ल असतं. ते तापवलं की त्यातून कर्बवायू निघून जातो आणि सीबीडी उरतं. म्हणून भरड साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसवर तासभर मंद तापवतात. काही ठिकाणी अर्क काढून झाल्यावर तापवतात. शेंगदाणे भाजताना आपल्याला ठाऊक असतं, आच कमी तर कच्चे, जास्त तर करपले. तसंच हे. कमी तापवलं तर आम्ल तसंच राहतं, जास्त तापवलं तर सुगंधही जातो आणि सीबीडीही घटतं.

पुढची पायरी अर्क काढायची. त्याच्या मुख्य तऱ्हा तीन.

एक, भरड तेलात मुरवायची. माका, जास्वंद घालून केसांचं तेल उकळतो तसं. ही सर्वांत जुनी रीत. पण यात अर्क पातळ निघतो आणि तेल लवकर खवट होतं.

दोन, अल्कोहोलची. अल्कोहोल उणे वीस अंश किंवा त्याहून थंड करून त्यात भरड बुडवतात. चीक विरघळतो, मग गाळतात आणि अल्कोहोल उडवून काढून टाकतात. थंड का? तर कोमट अल्कोहोलात पानांचा हिरवा रंग आणि मेणही उतरतं, तेल कडू आणि काळपट होतं. मोठ्या प्रमाणावर काम करायला ही रीत सोयीची. पण सगळं अल्कोहोल नीट काढलं का, हे तपासावं लागतं. काही जण अल्कोहोलऐवजी ब्यूटेन किंवा हेक्झेन वापरतात. ब्यूटेन हा तर आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊ. भडका उडतो, आणि तेलात उरला तर पोटात जातो.

तीन, कर्बवायूची. सोड्याच्या बाटलीतून फस्सकन निघतो तोच वायू. तो ३१ अंशांच्या वर ठेवून हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ७३ पटींहून जास्त दाबला, की अजब होतं. तो ना धड वायू राहतो ना धड पाणी. वायूसारखा भरडीच्या कणाकणात शिरतो आणि पाण्यासारखा चीक विरघळवतो. मग दाब सोडला की वायू उडून जातो, मागे अर्क राहतो. पाठीमागे काही उरत नाही, म्हणून ही रीत चांगली मानतात. पण अंदाज घ्या, आपल्या कुकरमध्ये शिट्टी होताना दाब हवेच्या दुप्पट असतो. इथे सत्तर-पंचाहत्तर पट, बऱ्याचदा त्याहूनही किती तरी जास्त. जाड पोलादी भांडी, प्रशिक्षित माणसं आणि मोठं भांडवल लागतं. हा आपल्या पापड-मसाल्याच्या शेडमधला उद्योग नव्हे.

एवढं करून जो अर्क मिळतो तो दाट, काकवीसारखा असतो. त्यात मेणही असतं. ते काढायला अर्क अल्कोहोलात मिसळून खूप थंडीत एक दिवस ठेवतात. थंडीच्या दिवसांत खोबरेल थिजतं ना, तसं मेण थिजून वेगळं होतं. ते गाळलं की अल्कोहोल उडवतात. हे करताना हवा ओढून दाब कमी करतात, म्हणजे कमी आचेवर अल्कोहोल उडतं आणि अर्क करपत नाही. पुढे आणखी शुद्ध करत गेलं तर शेवटी पांढरे स्फटिक मिळतात. ते जवळपास निव्वळ सीबीडी.

म्हणून बाजारात तीन प्रकार दिसतात. झाडातलं सगळं ठेवलेला ‘फुल स्पेक्ट्रम’, यात थोडं टीएचसीही असतं. टीएचसी काढून बाकीचं ठेवलेला ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’. आणि निव्वळ सीबीडीचा ‘आयसोलेट’. यातलं एक उत्तम आणि दुसरं भेसळीचं असं नाही. पण आपण काय घेतोय ते कळायला हवं. फुल स्पेक्ट्रम घेणाऱ्याच्या नशेच्या तपासणीत टीएचसी सापडू शकतं. ज्यांच्या घरात कुणी ड्रायव्हर आहे, पोलीस भरतीला जाणारं आहे, त्यांनी हे लक्षात ठेवा.

सगळ्यात शेवटी हा अर्क साध्या खाण्याच्या तेलात मिसळतात, कधी खोबऱ्याच्या तेलापासून केलेल्या पातळ तेलात, कधी तिळाच्या. म्हणजे बाटलीतला मोठा भाग हे आधाराचं तेलच असतं. तेच खवट असेल तर आतला अर्क कितीही चांगला असून उपयोग नाही. उजेड, ऊन आणि हवा हे या तेलाचे वैरी. म्हणून ते काळ्या किंवा तपकिरी काचेत भरतात. पारदर्शक बाटलीत, टपरीच्या उन्हात ठेवलेलं तेल घेऊच नये.

आता गुणवत्तेची खरी मेख. हेंप हे मातीतून जड धातू शोषणारं झाड आहे. शिसं, कॅडमियम जमिनीत असेल तर ते झाडात येतं. माती स्वच्छ करायला हे झाड लावून बघतात, इतकी त्याची ओढ. मग विचार करा. किलोभर फुलांचा अर्क आटून मूठभर होतो, तेव्हा फुलातलं औषध जसं दाट होतं, तसं फवारणीचं विष आणि धातूही दाट होऊ शकतात. चांगल्या जमिनीतलं, न फवारलेलं पीक नसेल तर पुढची लाखाची यंत्रं काय करणार?

ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, वासाने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला लागतो. त्यात पाच गोष्टी असाव्यात. सीबीडी किती, टीएचसी किती, जड धातू किती, फवारणीचा अंश किती, अल्कोहोल किंवा दुसरा द्राव उरलाय का, आणि त्याबरोबर बुरशीची तपासणी. दाखला बाहेरच्या प्रयोगशाळेचा हवा, आणि त्यावरचा बॅच नंबर आपल्या हातातल्या बाटलीवरच्या नंबराशी जुळायला हवा. नुसता कुठला तरी दाखला दाखवणं म्हणजे शेजारणीच्या मुलाची गुणपत्रिका दाखवून आपल्या मुलाला पास म्हणण्यासारखं.

लेबलवर विश्वास का ठेवायचा नाही, त्याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेत संशोधकांनी इंटरनेटवरून सीबीडीची ८४ उत्पादनं विकत घेऊन तपासली. २०१७ मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या मासिकात ते छापून आलं. लेबलवर लिहिलेलं आणि आत असलेलं जुळलं फक्त २६ उत्पादनांत. ३६ मध्ये लिहिल्यापेक्षा जास्त सीबीडी निघालं, २२ मध्ये कमी. आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. प्रयोगशाळा जागोजागी असलेल्या देशात ही गत, तर दारावर येणाऱ्या बाटलीचं काय सांगावं?

आकडा कसा वाचायचा तेही बघून घेऊ, आपण गटाचा हिशेब करतोच की. समजा ३० मिलिलीटरची बाटली आहे आणि लिहिलंय, सीबीडी १००० मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलिलीटरमध्ये साधारण ३३ मिलिग्रॅम. मिलिलीटरचे थेंब होतात वीसेक. म्हणजे एका थेंबात दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. शब्द मात्र नीट वाचा. ‘सीबीडी १००० मिग्रॅ’ वेगळं आणि ‘हेंप अर्क १००० मिग्रॅ’ वेगळं. अर्कात सीबीडी किती ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा बिनकामाचा.

मग हे औषध खरंच आहे का? आहे, पण कशाचं ते ऐका. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लहान मुलांना येणाऱ्या दोन कठीण प्रकारच्या फिट्सवर शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर केलं. ते तिळाच्या तेलातच असतं. पण त्याची मात्रा बघा. माणसाच्या वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला दहा मिलिग्रॅम आणि गरज पडली तर त्याहून जास्त. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला पाचशे मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबातली अर्धी बाटली एका दिवसात. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, यकृताची रक्ततपासणी करत. कारण जास्त मात्रेत यकृताला त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करण्याच्या, फिट्सच्या गोळ्यांशीही त्याची गाठ पडते, त्यांचा असर कमी-जास्त होतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर याच्या वाटेला जाऊच नये. गुडघेदुखीसाठी असा भक्कम पुरावा अजून उभा राहिलेला नाही.

आपल्याकडे भांगेच्या पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून ‘विजया’ या नावाने मिळतो. ते बनवायला आयुषचा परवाना लागतो, आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना लेबलवर लागते. म्हणून बाटली घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या चिठ्ठीवर, परवाना नंबर बघून. शेजारणीला फरक पडला म्हणून नको.

आता त्या बियाणं देणाऱ्या गृहस्थांकडे येऊ. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात या झाडाची फुलं आणि चीक, म्हणजे गांजा आणि चरस, दोन्ही बंद आहेत. आणि मघाशी सांगितलं, सीबीडी कुठे असतं? फुलांच्या चिकातच. सरकारच्या लेखी परवान्याशिवाय हे झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बियाणं देणारा निघून जातो. सातबारा आपल्या नावावर असतो.

पुढच्या बैठकीला ते गृहस्थ आले, तेव्हा आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. शेतीचा परवाना, बॅचचा तपासणी दाखला आणि खरेदीचा लेखी करार. म्हणाले, “गाडीत आहेत, आणतो.” मैत्रिणींनो, ती गाडी अजून परत आलेली नाही. दोन्ही गटांची अनामतीची रक्कम वाचली. एका गटाने ती शेवयांच्या यंत्रासाठी अंतर्गत कर्जात दिली.

काकूंचे चौदाशे मात्र गेले ते गेलेच. बाटलीतलं तेल खाण्यासारखं होतं, म्हणून त्यांनी ते चटणीवर घालून संपवलं. आणि मग आम्ही त्यांना ग्रामीण रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्याचा फोटो काढला, व्यायाम सांगितले, वजन कमी करायला सांगितलं. आता काकू रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालतात, आणि गटात कुणी नवी बाटली आणली की पहिल्यांदा तीच उलटी करून मागची अक्षरं वाचायला लावतात.

तुमच्याही घरात अशी एखादी बाटली असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. आपण मिळून वाचू.